तुझ्या वजनाचा गूळ

अर्चू, काल इंदूआक्का येऊन गेली. दार उघडल्याबरोबर माझ्या लक्षात आलं की ही नुसती भेटायला आलेली नाही. पिशोरहून एसटीनं एकटीनं येणं तिच्या गुडघ्यांना आता झेपत नाही, तरी आली होती. अर्धा चहा प्याली, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "सुमे, तेरावं झालं, सगळं रीतीनं झालं. पण देवीचा नवस तसाच राहिलाय. तो आता पोरीवर येईल बघ."

पोरीवर म्हणजे तुझ्या ओवीवर. ती तेव्हा आतल्या खोलीत पलंगावर पालथी पडून चित्र रंगवत होती. मी उठले आणि मधलं दार लोटून घेतलं. त्याशिवाय मला दुसरं काही सुचलं नाही.

तू असतीस तर मावशीला हाताला धरून बसवलं असतंस, तिच्या गुडघ्याला मलम चोळलं असतंस आणि चोळता चोळता तिचं सगळं म्हणणं खोडून काढलं असतंस. तिला राग यायच्या आत ती हसायला लागली असती. मला ही दोन्ही कामं एका वेळी कधी जमली नाहीत. मी एकतर मलम लावते, नाहीतर भांडते. काल मी मलमही लावलं नाही आणि भांडलेही नाही. तिच्यासाठी पिठलं टाकलं, दोन भाकरी थापल्या, आणि ती जेवत असताना तिच्याकडे बघत बसले.

हा नवस तू माझ्या तोंडून नीट कधी ऐकूनच घेतला नाहीस. विषय निघाला की हात वर करायचीस. आता ऐक. आता तुला हात वर करता येत नाही, आणि हे म्हणतानासुद्धा माझा मेलीचा जीव तुटतो.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. तुझ्या दिगूमामाला विषमज्वर झाला होता. पिशोरला तेव्हा धड दवाखाना नव्हता. आजीनं त्याला खांद्यावर टाकून कुठं कुठं नेलं, कुणास ठाऊक. तो वाचला. मग एके दिवशी आम्ही सगळे डोंगरावरच्या देवीला गेलो. देवळापुढं चिंचेचं झाड, त्याच्या फांदीला दोरखंडानं बांधलेला तराजू. धान्य तोलतात तसाच, फक्त पारडी माणूस मांडी घालून बसेल एवढी. एका पारड्यात दिगू, दुसऱ्यात गुळाच्या ढेपी. दिगू वर गेला की खिदळायचा, गूळ वर गेला की रडायचा. मग दोन्ही पारडी सारखी झाली आणि गुरवानं हात वर केला. तो सगळा गूळ फोडून गावात वाटला. माझे हात संध्याकाळपर्यंत चिकट होते.

पण माझ्या डोक्यात गूळ राहिला नाही, माझ्या आईचा चेहरा राहिला. तुझी आजी फारशी हसणारी बाई नव्हती. त्या दिवशी ती त्या पारड्याकडे बघून अशी हसत होती, की तिला इतकी सुंदर मी पुन्हा कधी पाहिली नाही. माझी श्रद्धा, विश्वास, जे काय म्हणशील ते, तिथून आलंय. पोथीतून आलेलं नाही. पोथी वाचताना तर मला झोप येते, तुला ठाऊक आहे.

तुझं पहिलं सलाईन लावायच्या दिवशी नर्सनं तुला काट्यावर उभं केलं. औषध वजनावर ठरतं, ती म्हणाली. तू चपला काढल्यास आणि शाळेत उंची मोजायला उभी राहायचीस तशी पोट आत घेऊन उभी राहिलीस. तिथं पोट आत घ्यायची काय गरज होती ग? मला हसू आलं, आणि त्या हसण्यातच रडू आलं. मी बाहेर व्हरांड्यात गेले. वजन, वजन हेच कानात होतं. आणि तोंडून नवस निघून गेला. मनातल्या मनात नाही, ओठ हलवून बोलले. माझी लेक यातून उठू दे, तिच्या वजनाइतका गूळ घेऊन येईन, तिला तुझ्या पारड्यात बसवीन.

कोणत्या दिवसाचं वजन, ते बोलायचं राहिलं. अशा वेळी कुणाला सुचतं?

आणि तू उठलीस. केस गेले, ते आले. पहिले आले ते कुरळे, मग तू आरशापुढं उभी राहून म्हणालीस, "बघ, फुकटात मिळाले." परत कामावर गेलीस. देवगाव रंगारीची एसटी, अंगणवाड्यांच्या चकरा, मदतनिसांची गाऱ्हाणी, गाडीवर बसून वाड्यावस्त्यांना जाणं. दवाखान्यानं उतरवलेलं अंग भरून आलं. गालाला परत खळी पडायला लागली. मी रोज देवीला म्हणायचे, येते, आता येते. आणि मोंढ्याच्या बाजारात जाऊन हमीदभाईंनासुद्धा सांगून ठेवलं.

हमीदभाई आठवतात ना? जुन्या मोंढ्यातले गुळवाले. लहानपणी माझा पदर धरून यायचीस तेव्हा तुझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायचे आणि तो खाऊन होईपर्यंत माझा गूळ तोलायचे नाहीत. त्यांना सांगितलं, लेकीचा नवस आहे, चांगला गूळ लागेल, एकदम लागेल. ते म्हणाले, बिटियाला इथं घेऊन या, तिच्यासमोरच तोलू. मग हसून म्हणाले, की डोंगरावर कमी पडला तर माझं नाव खराब होईल. मला इतका आनंद झाला, की घरी येईपर्यंत रिक्षावाल्यालाही सांगून झालं. घरात मात्र चकार शब्द नाही.

फक्त आक्काला बोलले होते, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दिगूमामाच्या नातवाच्या बारशाला तिनं तुला चार बायकांत विचारलं, कधी बसणार ग तराजूत? तू तिथं काही बोलली नाहीस. गाडीत बसल्यावर बोललीस. कन्नड येईपर्यंत भांडलो आपण, कन्नडला चहा घेतला, आणि नंतर पार हर्सूलच्या नाक्यापर्यंत भांडलो. जावई बिचारे समोर बघून गाडी चालवत होते.

"आई, मी रोज लोकांची पोरं काट्याला लटकवते," तू म्हणालीस. "त्यांना खायला मिळतंय का, ते बघायला. तुझी देवी कशासाठी तोलते?"

मी म्हणाले, उपकार फेडायचे असतात. कुणाचे, तू विचारलंस. मग वॉर्डातल्या त्या वैजापूरच्या बाईचं नाव काढलंस, तुझ्या शेजारच्या खाटेवरची, जी तुला तिचा डबा द्यायची आणि जी घरी गेली नाही. "तिच्या आईनं नवस केला नसंल व्हय? ती कुठं कमी पडली मग?"

तिची म्हातारी आई मला आजही दिसते ना, व्हरांड्यात जपमाळ ओढत बसलेली. माझ्यापेक्षा जास्तच देवदेव करायची. पण मी तेव्हा तुला जिंकू दिलं नाही आणि स्वतः हरलेही नाही. नुसती म्हणाले, तुला नाही कळायचं, तू आई आहेस, पण अजून लई लहान आई आहेस. त्यावर तू मला चार दिवस फोन केला नाहीस, आणि पाचव्या दिवशी केलास तो ढोकळ्यात सोडा किती घालायचा ते विचारायला.

त्यानंतर ते भांडण आपल्या घरात राहायलाच आलं. सणावारी निघायचं, भाजी निवडताना निघायचं. तू चेष्टा करायला लागलीस. जेवून उठलीस की पोटावर हात फिरवून म्हणायचीस, "आई, लवकर उरक. मी दिवसेंदिवस महाग होतेय." बाबांना त्यावर इतकं हसू यायचं की ठसका लागायचा. मीही हसायचे, आणि हसता हसता देवीची माफी मागायचे.

जत्रेला तू आलीस ना माझ्याबरोबर. नाही म्हणाली नाहीस. चिंचेखाली बसून आक्काच्या हातच्या दशम्या खाल्ल्यास, शेंगदाण्याची चटणी तर सगळी तूच संपवलीस. देवळात जाऊन हातही जोडलेस, मी बघितलं. मी आपली आशेनं तराजूकडं बघत होते. तू उठलीस, पारड्यापाशी गेलीस. आणि तू खांद्यावरची पर्स काढून त्या पारड्यात ठेवलीस. "घ्या गुरवबाबा, नोकरीवालीची पर्स तोला." गुरव हसले, आक्का चिडली, आणि ओवी म्हणाली, मम्मी, हा झोका आहे का?

तुझं हसू तिथंच गेलं. ओवीला उचललंस, कडेवर घेतलंस, एवढी मोठी झालेली पोर. खाली उतरताना माझ्या बरोबरीनं चालत म्हणालीस, "माझं सोड. पण हिला कधी त्यात बसवायचं नाही. हिच्या नावानं कधी काही बोलायचं नाही. कबूल कर."

मी मान हलवली. तुला ती पुरली नाही. तोंडानं सांग, म्हणालीस. मी तोंडानं सांगितलं.

एवढा एक शब्द तू माझ्याकडून घेतलास, अर्चू. बाकी आयुष्यभर काही मागितलं नाहीस. बारावीला क्लास लावू का विचारलं तर नको म्हणालीस, लग्नात शालू नको म्हणालीस. आणि मागितलंस ते असं, की ते पाळणं जगातलं सर्वात अवघड काम होऊन बसलंय.

दुखणं उलटलं तेव्हा आक्कानं मला फोनवर काही सुनावलं नाही. नुसती गप्प राहिली. तिचं ते गप्प राहणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. मी कितीदा ठरवलं की तुझे पाय धरते, म्हणते, माझ्यासाठी चल, माझ्या अडाणी जिवासाठी चल. एकदा तर तू झोपली असताना खरंच पाय धरले होते. तू जागी झालीस आणि म्हणालीस, तळव्यांना तेल लाव ना, आग होतेय. मी तेल लावलं.

मग तू उतरायला लागलीस. कपडे आधी सैल झाले, मग बांगड्या. तुझ्या हातातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. दवाखान्यात काट्यावर उभी राहायचीस तेव्हा मी भिंतीवरची पोस्टरं वाचायचे. लसीकरणाचं वेळापत्रक मला तोंडपाठ झालंय. शेवटी शेवटी तुला न्हाणीघरात मीच न्यायचे. जावई नेतो म्हणायचे, पण तुला लाज वाटायची. मी पासष्टीला टेकलेली बाई, माझी कंबर कामातून गेलेली, आणि मी तुला दोन हातांवर उचलून नेत होते. लहानपणी तू झोपेत जड लागायचीस. आता जागी असून लागत नव्हतीस.

त्या दिवशी मी तुला पाटावर बसवलं, पाठ भिंतीला टेकवली, पाण्यात हात घालून बघितला. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "आई, आता ने मला देवीला. आता परवडेन तुला."

मी म्हणाले, गप बस. पाणी गार व्हायलंय.

आणि तुझ्या खांद्यावर तांब्या ओतला.

एवढंच झालं. याच्या पुढं आपण त्याबद्दल काही बोललो नाही. तुझा तो आवाज मी रोज कानात वाजवून बघते. नेहमीची चेष्टा होती का ती? पोटावर हात फिरवून करायचीस, तसलीच? की माझ्यासाठी म्हणालीस, आईच्या मनाचं एकदा होऊ दे म्हणून? की तुला स्वतःलाच जावंसं वाटलं होतं, भीती वाटत होती, आणि भीती वाटतेय हे सांगता येत नव्हतं? तुझे डोळे उघडे असते तर मला कळलं असतं. तुझे डोळे मला कधी फसवू शकले नाहीत. नेमके मिटलेले होते.

चेष्टा असेल तर माझा शब्द जसाच्या तसा उभा आहे. खरं म्हणाली असशील तर तूच तुझा हट्ट सोडला होतास, आणि मी तुला गप बस म्हणाले. कुणाला विचारू? जावयांना विचारलं, ते म्हणाले, तिचं ना, आई, मला तरी कुठं कळायचं. बाबांना विचारलं. ते उठून कुंड्यांना पाणी घालायला गेले. कुंड्यांना सकाळीच पाणी घातलेलं होतं.

तू गेलीस त्या दिवशी नळाला पाणी आलं. आपल्याकडं आठवड्यातून एकदा येतं, ते नेमकं त्या सकाळी आलं. तू समोर अंथरुणावर, घर माणसांनी भरलेलं, आणि मला मोटारीचा आवाज आला तसं मनात आलं, हौद भरून घ्यायला पाहिजे, एवढ्या माणसांना पाणी लागेल. असं कसं मन ग हे? शेजारच्या शबानानं येऊन सगळं भरलं, ड्रमसुद्धा. तू असतीस तर म्हणाली असतीस, बरोबरच आहे, आई, पाणी भरायलाच पाहिजे. तू अशा वेळी मला कधी नावं ठेवली नाहीस. देवावरून भांडायचीस, पण मी बावळट आहे असं तू मला कधी वाटू दिलं नाहीस. याचे उपकार मी कुठल्या तराजूत फेडू?

पैठणला तुला गोदावरीत सोडलं. जायकवाडीचं पाणी वर होतं. गाडीत तो कलश जावयांच्या मांडीवर होता, घाटावर उतरताना त्यांनी तो माझ्या हातात दिला, कारण त्यांना चपला काढायच्या होत्या. तेवढा वेळ तो माझ्याकडं होता. तू झालीस तेव्हा पिशोरच्या सुईणीनं तुला धुवून पुसून असंच माझ्या हातात दिलं होतं, एवढंच ओझं होतं. मी ते कुणाला बोलले नाही. जावई चपला काढून उभे राहिले आणि मी कलश परत दिला.

सुतक फिटल्यावर देवघर उघडलं. दिवा लावते. मला वाटलं होतं की मी देवीवर रागावेन, देव्हारा बांधून माळ्यावर टाकीन. तशा बायका मी पाहिल्यात. मला राग येत नाही, अर्चू. राग यायलाही अंगात काहीतरी लागतं. सवय अशी की दिवा लावला की ओठ हलायला लागतात, मागायला. आणि मग कळतं की मागायचं होतं ते संपलं. ओठ तसेच थांबतात. मी स्वयंपाकाला लागते.

आणि आता हे आक्काचं. जेवण झाल्यावर तिनं पुन्हा काढलं. पोरीला पारड्यात बसव, तिच्या वजनाचा गूळ दे, सुटलीस. आईच्या नावचा नवस लेकीनं फेडला तरी देवी घेते, तिनं गुरवाला फोन करून विचारलंय. मी म्हणाले, आक्का, मी अर्चूला शब्द दिलाय. ती म्हणाली, "मेलेल्याला दिलेला शब्द आणि जित्या लेकराचा जीव. तूच तोल बाई. मी काय लई शिकलेली नाय."

ती वाईट नाही ग. तुझ्यासाठी तिनं पाच मंगळवार पाणीसुद्धा घेतलं नाही, तुला सांगू नको म्हणाली होती. तिलाही भीतीच वाटतेय. आमच्या सगळ्यांच्या अंगात आता एवढी भीती भरलीय, की ती कुठंतरी ठेवायला जागा पाहिजे.

घरातले सगळे इतके चांगले वागतात, की मला ओरडावंसं वाटतं. जावई म्हणतात, आई, तुमच्या मनाला बरं वाटत असेल तर करा, नसेल वाटत तर नका करू. बाबांचं तेच. कुणी नाही म्हणत नाही, कुणी हो म्हणत नाही. मला भांडणारं माणूस पाहिजे. कन्नडपासून हर्सूलपर्यंत भांडणारं, चहापुरतं थांबून परत सुरू करणारं. तू होतीस तोवर मला माझं मत काय आहे ते कळायचं. तू म्हणायचीस नाही, म्हणून मी म्हणायचे हो. आता समोर कुणी नाही, आणि मी हो आहे की नाही, मलाच कळत नाही.

ओवीनं दाराआडून सगळं ऐकलं होतं. आक्का गेल्यावर येऊन म्हणाली, आज्जी, मला बसायचंय त्या झोक्यात. मम्मीनं मला बसू दिलं नव्हतं. तिच्या गालाला तुझीच खळी पडते, आता जास्तच दिसायला लागलीय. मी तिला म्हणाले, बघू. तुझ्या लेकीला मी आयुष्यात पहिल्यांदा बघू म्हणाले. आजपर्यंत हो तरी म्हणायचे, नाहीतर नाही.

आज सकाळी तिची वेणी घालताना तिचं कपाळ कोमट लागलं. नाक गळत होतं. तू म्हणाली असतीस, सर्दी आहे, थंडीचे दिवस आहेत, रात्री खिडकी कोण उघडी ठेवतं? मलाही कळतंय की सर्दी आहे. सुंठ-गवती चहाचा काढा दिला, ती तोंड वेडंवाकडं करत प्याली, आणि थोड्या वेळानं टीव्ही लावून बसली. पण मी पुन्हा पुन्हा जाऊन तिच्या कपाळाला हात लावून बघत होते. मी तुझा शब्द धरून बसले आणि उद्या हिचा ताप चढला, तर? आणि हिला नेऊन पारड्यात बसवली, तर तुझ्यासमोर कुठल्या तोंडानं येऊ? मला तर तुझ्याकडंच यायचंय शेवटी.

संक्रांत जवळ आलीय. आपल्याकडं यंदा काही करायचं नाही, पण ओवीच्या शाळेत तिळगूळ न्यायचा आहे. लेकराला काय सांगणार? घरात तीळ होते, गूळ नव्हता. असं म्हणून मी पिशवी घेतली आणि निघाले. बाबांनी विचारलं, कुठं चाललीस, मी म्हणाले, मोंढ्यात, तिळगुळाला गूळ आणते. कोपऱ्यावरच्या दुकानात गूळ मिळत नाही का, असं त्यांनी विचारलं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानावरून मी पुढं गेले, रिक्षात बसले. मी नेमकी कशासाठी चाललेय, ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

मोंढ्यात नवा गूळ आलाय. पोत्यांच्या गल्लीत शिरल्याबरोबर वास आला. तुला आवडायचा तो, थोडा करपलेला. हमीदभाई आता थकलेत, दाढी पांढरी झालीय, पण अजून गल्ल्यावर बसतात. मला बघून उठले. त्यांच्यापर्यंत काही पोचलेलं नव्हतं. त्यांना कोण सांगणार? आपण त्यांच्या कुठल्या नात्यात बसतो?

"आओ भाबी," ते म्हणाले. "आज दिखे. बिटिया अच्छी है ना?"

मी मान हलवली. कशी हलवली, ते मला माहीत नाही. त्यांना ती हो वाटली. त्यांचा चेहरा असा फुलला, की मला माझी आईच आठवली, त्या चिंचेखालची. त्यांनी आत हाक मारून चांगली ढेप काढायला लावली. कागद सोडून मला दाखवली, नखानं टोकरून एक खडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. बिटियासाठी न्या, म्हणाले. मग छोटा काटा बाजूला सारून छताला टांगलेला मोठा तराजू पुढं ओढला, पारडी फडक्यानं पुसली, आणि एका पारड्यात ती ढेप ठेवली. ते पारडं खाली गेलं. दुसरं रिकामं वर झुलत राहिलं.

त्यांनी वजनाच्या लोखंडी मापांवर हात ठेवला आणि माझ्या तोंडाकडं बघितलं.

"बोलो भाबी, सामने कित्ता रखूं?"

माझ्या मुठीत तो खडा वितळायला लागलाय, अर्चू. सांग ना ग माय. एकदा डोळे उघड आणि सांग. त्यांना किती सांगू?